गॅप सर्टिफिकेट

बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसानं कागदाविरुद्ध लिहू नये, असा एक संकेत आहे. ज्याची उभी हयात व्हाउचरं, फॉर्म आणि त्यांच्या तीन-तीन प्रती यांवर चालते, त्यानं कागदाच्या नावानं बोटं मोडायची म्हणजे भटजींनी दक्षिणेविरुद्ध व्याख्यान देण्यासारखं आहे. तरीही आज मी एका कागदाविरुद्ध दंड थोपटून उभा राहिलो आहे. (दंड म्हणजे बाहू. बँकवाल्याच्या तोंडी हा शब्द आला की लोक घाईघाईनं पासबुक काढून पाहतात, म्हणून खुलासा केला.)

त्या कागदाचं नाव गॅप सर्टिफिकेट.

ज्यांच्या घरात सध्या अठरा-वीस वर्षांचं पोर नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. बारावीनंतर मूल वर्षभर कुठल्याच कॉलेजात गेलं नाही आणि मग गेलं, तर मधल्या वर्षाचा जाब म्हणून शपथेवर एक कागद लिहून द्यावा लागतो. त्यात साधारण असं असतं, की सदर कालावधीत मी अन्यत्र प्रवेश घेतला नाही, कुठंही नोकरी केली नाही, कुठल्याही गैरकृत्यात माझा सहभाग नव्हता, आणि हा मजकूर खोटा निघाल्यास होणाऱ्या कारवाईस मी पात्र राहीन. थोडक्यात, 'मी वर्षभर काहीही केलं नाही' हे शपथेवर सांगायचं. आम्ही बँक हॉलिडेच्या दिवशी नेमकं हेच करतो. पण त्याची शपथ कुणी मागत नाही.

हा कागद आमच्या अमरावतीच्या घरात आला तो भाचीमुळं. भाची अकोल्याची, धाकट्या बहिणीची मुलगी. तिचं खरं नाव इथं देत नाही, कारण हल्ली ती आमच्याकडंच राहते आणि घरच्या वाय-फायचा पासवर्ड तिच्या ताब्यात आहे.

२०२४ साली ती बारावी झाली आणि तिनं नीट दिली. ही परीक्षा आमच्या वऱ्हाडात साथीसारखी येते. घरटी एकाला तरी लागण. अकोल्यात तर शिकवण्यांचे एवढे फलक, की पत्ता सांगताना लोक 'मारुतीच्या देवळापाशी वळा' म्हणायच्या ऐवजी 'त्या डॉक्टर झालेल्या पोरीच्या फोटोपाशी वळा' म्हणतात. त्या वर्षीचा मे महिना अकोलेकर विसरले नसतील. परीक्षा ५ मेला झाली, आणि महिना संपता संपता पारा पंचेचाळीसच्या वर जाऊन जिल्ह्यात चक्क १४४ कलम लागलं; शिकवण्यांनाही दुपारच्या वेळा टाळायला सांगितलं. माणसांनी दंगा केला की १४४ लागतं एवढं ठाऊक होतं. सूर्यानं केला म्हणून लागल्याचं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

निकाल लागला ४ जूनला, लोकसभेच्या निकालाच्याच दिवशी. देशभरात ६७ जणांना ७२० पैकी ७२०! मग वाढीव गुण, फेरपरीक्षा, सुप्रीम कोर्ट असा सगळा शिमगा होऊन जुलैअखेर सुधारित निकाल आला, तेव्हा त्या ६७ चे १७ उरले. माझ्या काउंटरवर सकाळची ६७ ची रक्कम संध्याकाळी १७ भरली, तर मला घरी जाऊ देणार नाहीत.

भाचीचे मार्क चांगले होते. आदल्या वर्षी तेवढ्या मार्कांवर ती सरकारी मेडिकलच्या पायऱ्यांपर्यंत तरी पोचली असती. त्या वर्षी सगळ्यांचेच मार्क फुगले आणि ती रांगेत पार मागं गेली. महागाई म्हणजे काय, हे तिला अर्थशास्त्राचं पुस्तक उघडण्याआधीच कळलं. आणि गंमत पाहा, पुढच्याच वर्षी, २०२५ साली, पेपर असा निघाला की देशात पहिल्या आलेल्याला ६८६. एका वर्षी पैकीच्या पैकीवाले जथ्थ्यानं, दुसऱ्या वर्षी औषधालाही नाही. चढउतार परीक्षेचे, जाब मात्र पोरीला.

असो. रिवाजाप्रमाणं तिनं 'रिपीट' करायचं ठरलं. शिकवणीची फी भरली. दिवाळी आटोपली आणि आमच्या जावयांच्या छातीत दुखायला लागलं. नागपूरला नेलं, बायपास झाली. डॉक्टरांनी बजावलं, तीन महिने जिना चढायचा नाही, जड उचलायचं नाही आणि काळजी करायची नाही. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी माणसाला जमतात. जावयांचं अकोल्यात शिकवण्यांच्याच भागात स्टेशनरीचं आणि झेरॉक्सचं लहानसं दुकान. बहीण दवाखान्यात, भाचा आठवीत. मग दुकानात कोण बसणार? जी घरी 'नुसती अभ्यास' करत होती ती. शिकवणी सुटली. (फी परत मिळाली नाही. या लेखाशी त्याचा संबंध नाही, पण लिहून बरं वाटलं.)

पुढच्या जूनपर्यंत जावई गल्ल्यावर बसण्याइतके ठणठणीत झाले आणि भाचीनं जाहीर केलं, की मला डॉक्टर व्हायचं नाही, बी. कॉम. करायचं आहे, आणि तेही अमरावतीला. अकोल्यात कॉमर्सची कॉलेजं नाहीत असं नाही. पण ज्या रस्त्यावर वर्षभर आपण दुकानात दिसलो, त्याच रस्त्यानं पाठीला सॅक लावून जायचं तिला नको होतं. हे कारण तिनं मला सांगितलं नाही, मी ओळखलं. मामाला एवढं कळावं लागतं.

नाही कळलं ते वेगळंच. ती बॅग घेऊन आली त्या संध्याकाळी मी राजकमल चौकातून गिला वडा आणला होता. घरात शेजारी, पाहुणे, तिला सोडायला आलेले तिचे मोठे बाबा अशी दहा-बारा माणसं. आणि वडा तोंडात असतानाच मी मोठ्या मनानं म्हणालो, ''जाऊ दे गं बाई, एक वर्ष वाया गेलं तर गेलं. आभाळ नाही कोसळत.''

ती हसली. काही बोलली नाही. मोठे बाबा मात्र बोलले. ते निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी तिथल्या तिथं हिशेब मांडला, की एक वर्ष उशिरा नोकरी लागली म्हणजे सुरुवातीच्या वर्षाचा नव्हे, निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या वर्षाचा पगार बुडतो, आणि तो सर्वांत मोठा असतो. सबब नुकसान कैक लाखांचं. एकोणीस वर्षांच्या पोरीचा साठाव्या वर्षीचा पगार त्यांनी वड्याची बशी खाली ठेवायच्या आत बुडवून दाखवला. आधी नोकरी तर लागू द्या, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण वर्ष वाया गेल्याचं उद्घाटन मीच केलेलं असल्यामुळं गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या खिडकीवर गेलो. खिडकीआडच्या गृहस्थांनी बारावीची मार्कशीट पाहिली, साल पाहिलं आणि मान न उचलता विचारलं, ''गॅप?''

''हो, एक वर्षाचा.''

''मंग सर्टिफिकेट लागते.''

मी म्हटलं, अहो, मुलगी समोर उभी आहे, मार्कशीट समोर आहे, शाळेचा दाखला समोर आहे. तेव्हा त्यांनी मान वर केली. ''साहेब, तुम्ही बँकेत हाय ना? मले माहीत हाय, मी तुमच्याच काउंटरवर येतो. मागच्या महिन्यात केवायसी नव्हती म्हनून तुम्ही माह्यं खातं अडवलं होतं. आठोते?''

आठवत होतं. कारकुनाला कारकून भेटला की असं होतं.

त्यांची बाजू मी आजही नाकारत नाही. एकाच वर्षी दोन ठिकाणी नाव घालून दोन ठिकाणच्या शिष्यवृत्त्या उचलणारे महाभाग असतात, आणि ते पकडायचे तर 'या काळात दुसरीकडं प्रवेश नव्हता' एवढं लिहून घ्यायला हरकत नाही. एक ओळ, खाली सही. माझं भांडण पुढच्या ओळींशी आहे. आणि केवायसी म्हणाल, तर ती तुम्ही कोण आणि राहता कुठं एवढंच विचारते. गेल्या वर्षी काय करत होतात आणि त्यात गैरकृत्य किती, हे बँक विचारत नाही. विचारायला लागली तर ठेवी राहतील का?

प्रतिज्ञापत्र टाइप करणाऱ्याकडं जाण्याआधी मी भाचीला सांगितलं, की वर्षभरात काय झालं ते एका कागदावर कच्चं लिहून आण, म्हणजे त्यातून दोन ओळी काढू. तिनं रात्री बसून फुलस्केपची चार पानं लिहिली. तिची परवानगी घेऊन त्यातलं थोडं इथं देतो.

''नोव्हेंबर. शटर उघडता येत नव्हतं. बाजूचे काका उघडून द्यायचे. डिसेंबर. येते.

''माझ्याच बॅचच्या पोरी नोट्सची झेरॉक्स काढायला यायच्या. ज्या नोट्स मी पाठ करणार होती त्यांच्याच चाळीस-चाळीस प्रती काढल्या. तिसऱ्या दिवशी मशीनच्या मागं बसून रडली. चौथ्या दिवसापासून पाठपोट काढायला लागली. कागद वाचतो.

''घाऊकवाला मला बेबी म्हणायचा आणि बाबांपेक्षा दोन टक्के सूट कमी द्यायचा. जानेवारीत बाबांची जुनी बिलं त्याच्यासमोर ठेवली. आता ताई म्हणते.

''उधारी बारा हजार वसूल केली. साडेतीन बुडाली. त्यातली दीड मीच सोडली, त्यांचं सोयाबीन पाण्यात गेलं होतं.

''फेब्रुवारीत बाबा पहिल्यांदा दुकानाच्या दोन पायऱ्या चढले. मी गिऱ्हाईकाला सुट्टे देत होती. पन्नास रुपये जास्त गेले. त्या दिवसाचा हिशेब लागला नाही. मी अजून लावला नाही.

''४ मे. नीटचा पेपर. अ‍ॅडमिट कार्डाच्या झेरॉक्सला सकाळपासून रांग. सत्तर-ऐंशी जणांना ऑल द बेस्ट म्हटलं. दुपारी शटर पाडून घरी झोपली. छान झोप लागली.''

(आमच्याकडं बायका 'मी रडली' म्हणतात, 'रडले' म्हणत नाहीत. पुण्याच्या वाचकांनी पेन्सिल खाली ठेवावी.)

मी बी. कॉम. आहे. वीस वर्षांवर बँकेत काढली. बुडीत कर्जाची तरतूद, घाऊक सूट, रोखीतली तफावत हे सगळं मी पुस्तकातून शिकलो आणि परीक्षा होताच विसरलो. ही पोरगी कॉलेजात पाऊल टाकायच्या आधी ते करून आली होती. आणि आम्ही मामा-भाची कशाला निघालो होतो, तर तिनं काही केलं नाही हे शपथेवर लिहून द्यायला!

टाइप करणाऱ्यानं चार पानांकडं पाहिलंसुद्धा नाही. त्याच्याकडं तयार मसुदा होता. 'गॅपचे कारण' यापुढं दोन इंच जागा. तिथं त्यानं 'घरगुती' एवढं ठोकलं. मसुदा वाचताना भाची एका ओळीवर थांबली.

''मामाजी, 'कुठंही नोकरी केली नाही' हे खोटं नाही होत?''

मी समजावलं, की पगार नव्हता म्हणजे ती नोकरी नव्हे. पगार नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून काही केलं नाही. घरातल्या बायकांच्या कामाचा जमाखर्च आपल्या देशात पिढ्यान् पिढ्या याच सूत्रानं मांडला जातो, हे मला त्या टपरीपुढं उभा असताना सुचलं. पण तिथं गर्दी फार होती.

मुद्रांकाचं तर विचारूच नका. २०२४ च्या ऑक्टोबरात राज्यात शंभराच्या मुद्रांकाच्या जागी पाचशेचा आला. पुढं विद्यार्थ्यांना दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांसाठी तो माफ असल्याचं जाहीर झालं. पण माफी असणं आणि माफी मिळणं यांच्यामध्ये एक टेबल असतं. आम्ही पाचशे भरले. काहीही न केल्याबद्दल पाचशे रुपये, म्हणजे करून सवरून आलेल्याला किती पडत असतील?

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. बचत खात्यात दोन वर्षं तुम्ही एकही व्यवहार केला नाही, तर ते खातं निष्क्रिय धरतात. नाव वाईट आहे, कबूल. पण रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की त्या निष्क्रिय खात्यावरसुद्धा व्याज जमा करत राहायचं. किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावायचा नाही. आणि मालक परत आला तर खातं पुन्हा चालू करायला एक पैसा घ्यायचा नाही. दहा वर्षं फिरकलाच नाही तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जातात, पण तिथूनही त्याला किंवा त्याच्या वारसाला ते मागता येतात. ज्या संस्थेवर काळीज नसल्याचा आरोप होतो ती बँकसुद्धा हे मानते, की व्यवहार दिसला नाही म्हणजे आत काही वाढत नव्हतं असं नाही.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली नाही, पण नावात बँक आहे म्हणून मी तिची चौकशी केली. नव्या शैक्षणिक धोरणात विद्यार्थ्यांसाठी श्रेयांकांची बँक निघाली आहे, २०२१ पासून. कॉलेजात मिळवलेले श्रेयांक तिथं जमा राहतात, सात वर्षांपर्यंत टिकतात. एक वर्ष शिकून सर्टिफिकेट घ्या, बाहेर पडा, संसार करा, दुकान चालवा, परत या. दार उघडं आहे. ऐकून डोळे भरून आले. म्हणजे दिल्ली म्हणते, 'बाळा, जा आणि ये'. आणि खिडकी म्हणते, 'गेला होतास कुठं, शपथेवर सांग.' दोघांनी आधी आपसांत बोलून घ्यावं. पोरं थांबतील, त्यांना सवय आहे.

दोष खिडकीचाही नाही म्हणा. तो आपल्या सगळ्यांच्या सलगपणाच्या हौसेचा आहे. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला आणि गिनेस बुकात नाव गेलं. अभिमान मलाही वाटला. भाची त्याच रस्त्यानं बसमधून आली. पण आपण पोरांकडूनही हेच मागायला लागलो आहोत, की बालवाडीपासून नोकरीपर्यंत एकदा रोलर फिरला की मध्ये कुठं थांबायचं नाही. डांबराचं बरं असतं. त्याच्या बापाला बायपास करावी लागत नाही. त्याला बायपास नुसता काढून देतात.

इथं आता थोरामोठ्यांचे दाखले द्यायची प्रथा आहे. आमच्या अमरावतीचेच सुरेश भट बी. ए. झाले १९५५ साली, त्याआधी शेवटच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन. आमच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, ते शेंडगावचे गाडगेबाबा १९०५ साली घर सोडून निघाले ते निघालेच. शाळेच्या हिशेबानं त्यांचा उभा जन्म एक गॅप. मोठे बाबांना मी हे ऐकवलं. पण खरं सांगू? नापासांना थोरांच्या गोष्टी सांगून धीर देण्याचा हा उद्योग मला मनातून पटत नाही. दोनदा नापास झालेला प्रत्येक जण सुरेश भट होत नाही. पुढं मोठं काही घडलं तरच मधलं वर्ष माफ, हीसुद्धा एक अटच झाली. भाची उद्या माझ्यासारखी साधी कारकून झाली तरी त्या नोव्हेंबरात शटर तिनंच उघडलं होतं.

आणि साध्या कारकुनाचा विषय निघालाच आहे, तर एक सांगून टाकतो. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला मी तीन विषयांत उताणा पडलो होतो. वर्ष गेलं. ते वर्ष मी काय केलं? दुपारी बारापर्यंत झोपलो, संध्याकाळी मालटेकडीवर जाऊन बसलो, आणि वाचनालयातली विनोदी पुस्तकं ओळीनं संपवली. घरी सांगायचो, बँकेच्या परीक्षेची तयारी चालू आहे. त्या वर्षाचं गॅप सर्टिफिकेट मला आजवर कुणी मागितलं नाही. कारण नापास झालेल्या वर्षाला गॅप म्हणत नाहीत. त्या वर्षाची फी भरलेली असते. मी टेकडीवर बसलो तरी नोंदीत विद्यार्थी होतो. ती दुकानात राबली तरी नोंदीत कुठंच नव्हती.

प्रतिज्ञापत्र नेऊन दिलं. खिडकीआडच्या गृहस्थांनी ते न वाचताच पंचिंग मशीनखाली धरलं. एक भोक बरोबर 'गैरकृत्यात' या शब्दावर पडलं. ''झालं,'' ते म्हणाले, ''आता फी भरा.''

ते 'वाया गेलं' म्हटल्याबद्दल भाचीची माफी मागायची राहून गेली होती. दहा-बारा माणसांसमोर बोललेलं स्वयंपाकघरात हळूच परत घेता येत नाही, म्हणून हा लेख लिहिला आणि छापायला देण्याआधी तिच्या हातात ठेवला. तिनं उभ्याउभ्याच वाचला. मालटेकडीपाशी आली तेव्हा थांबली.

''मामाजी, तुम्ही नापास झाले होते, हे मामीला माहीत आहे?''

''नाही.''

''लग्नाच्या वेळी सांगितलं नव्हतं?''

''विचारलं नव्हतं कुणी.''

तिनं पानं नीट जुळवून घडी घातली आणि आपल्या सॅकमध्ये टाकली.

''ठीक आहे,'' ती म्हणाली, ''उधारीत लिहून ठेवते.''